माझ्या मापाचा दस्ता

नगरला नेमबाजी शिकायला लागले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. पारनेरकडच्या आमच्या गावातल्या शाळेत शिकवायचे आणि दर रविवारी एसटीने रेंजवर जायचे. क्लबातल्या एका उंचपुऱ्या ताईंनी खेळ सोडताना आपली जुनी एअर रायफल मला दिली. मी जेमतेम पाच फुटांची. लाकडी दस्ता खांद्याला टेकवला की बोट घोड्यापर्यंत नीट पोचायचं नाही, आणि नेम धरायला मान ताणावी लागायची. वर्षभर माझे छर्रे डावीकडे जात राहिले. आपलं वयच झालं, अशी मी मनाची समजूत घालू लागले होते.

शेवटी दस्ता कापून घ्यावा म्हणून गावातल्या सुतारचाचांकडे गेले. त्यांचा जन्म पेरणीच्या पाभरी आणि बैलांची जू घडवण्यात गेलेला. रायफलीकडे त्यांनी धड पाहिलंही नाही.

"ती ठिव बाजूला. आदी तुला मापू दे."

माझ्या हातात त्यांनी खराटा दिला. "डोळं मीट, अन् बंदूक धरती तसा धर."

मी धरला. ते सुतळीने माझा हात, खांदा, गाल मापत राहिले.

"चाचा, मान थोडी वाकवावीच लागते."

"कशापायी? बैलाची मान बघून जू करत्यात. जू बघून मान न्हाई." मग हळूच म्हणाले, "खांदा लई दुखत आसंल."

दुखत होता. वर्षभरात मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी दस्त्याचं टोक तीन बोटं कापलं आणि गाल टेकायच्या जागी शिवणीच्या लाकडाची पट्टी बसवली. मग चार दिवस शाळा सुटली की मी जायचे. ते कानशीने जरासं घासायचे, म्हणायचे, "धर." परत घासायचे. "काढलेलं लाकूड माघारी लावता येत न्हाई, घाई करू नगं."

त्या रविवारी पहिले दहा छर्रे एका रुपयाएवढ्या जागेत बसले. कोचसरांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "कुणी केलं हे काम?"

पुढच्या जिल्हा स्पर्धेला मी चाचांना घेऊन गेले. सगळीकडे शांतता, आणि माझ्या प्रत्येक छर्ऱ्याला मागून "वा!" पंचांनी दोनदा हटकलं, तरी ते थांबेनात. माझा नंबर पाचवा आला. चाचांनी मात्र गावात पहिला सांगितला, आणि मी आजवर तो दुरुस्त केलेला नाही.