मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

फिल्मच्या काळात मी कंजूष म्हणून प्रसिद्ध होतो. हिंगोलीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा स्टुडिओ होता. लग्नाची ऑर्डर असली की छत्तीस फोटोंचे रोल मोजून न्यायचो, आणि नवरीच्या आत्याबाईंनी कितीही गळ घातली तरी उगीच बटण दाबायचो नाही. पण एकदा काढलेला फोटो मी कधी टाकला नाही. हललेला असो, अंधारलेला असो, निगेटिव्ह पाकिटात जायची, पाकिटावर गाव आणि वर्ष, आणि पाकीट पत्र्याच्या पेटीत. बायको म्हणायची, घरात माणसांना जागा नाही आणि तुम्ही जगाचं भंगार सांभाळताय. मी ऐकून घ्यायचो.

त्या भंगाराची किंमत मला ठाऊक होती. आमच्याकडे तेव्हा माणूस गेल्यावरच घरच्यांच्या लक्षात यायचं, की याचा एकही फोटो नाही. मग कनेरगाव नाक्याकडून, वसमतकडून लोक यायचे. अमक्याच्या लग्नात आमचा म्हातारा मागच्या रांगेत उभा होता, बघा ना जरा. मी पेटी उघडायचो. म्हातारा सापडायचा, आणि बहुतेकदा त्याचे डोळे मिटलेले असायचे. फ्लॅशची सवय कुणाला होती? तेवढाच चेहरा मोठा करून मी बारीक ब्रशनं त्याचे डोळे उघडून द्यायचो. खेड्यापाड्यांत माझी ओळखच तशी झाली होती, डोळे उघडून देणारा फोटोवाला. मला त्याचा गर्व होता, हे कबूल करतो.

डिजिटल कॅमेरा मी गावात सगळ्यांच्या शेवटी घेतला. हौसेनं नाही, नाइलाजानं. लोक मांडवातच फोटो बघायला मागू लागले, नांदेडच्या लॅबवाल्यानं रोल धुणं आठवड्यातून एकदाच ठेवलं, मग काय करणार? डार्करूममधला लाल दिवा काढून तिथं कॉम्प्युटर बसवला. फिल्म धुण्याच्या औषधांचा आंबूस वास मात्र भिंतींतून गेला नाही. त्या वासात बसून माउस हलवताना मला फार उदास वाटायचं. वीस वर्षांची विद्या होती, ती एका मशीनमध्ये बटणासकट तयार मिळत होती.

एक गोष्ट तेवढी आवडली, फोटो पुसता येतो ही. कॅमेऱ्यातलं कार्ड लहान होतं, त्यात फोटो थोडेच मावायचे. माझा हात तर रोल मोजणारा. फोटो काढला की लगेच मागच्या पडद्यावर बघायचा, खराब असेल तर अंगठ्यानं पुसायचा आणि जागा मोकळी करायची. आयुष्यभर वाया गेलेल्या फोटोंचा राग मी त्या बटणावर काढत होतो.

त्याच पहिल्या वर्षी कुरुंद्याला एका बौद्ध कुटुंबातलं लग्न होतं. नवरीचे वडील हळदीच्या हंगामात कढईवर कामाला जायचे. हळद शिजवायची, जाळ घालायचा. फोटोला उभे केले की त्यांचे डोळे मिटलेच. पुन्हा काढला, पुन्हा मिटले. मी वैतागलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, मामा, डोळे उघडे ठेवा की जरा. ते ओशाळले.

"न्हाई राहत हो उघडे," ते म्हणाले. "धुरानं सवय झाली."

चार फोटो काढले, चारही पुसले. मागे जेवणाची पंगत खोळंबली होती. म्हटलं, यांचा नंतर बघू. नंतर मी विसरलो.

दीड-दोन वर्षांनी ती नवरी मुलगी स्टुडिओत आली. कडेवर लेकरू होतं. वडील वारले होते, आणि वर्षाच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, बुद्धाच्या तसबिरीजवळ ठेवायला फोटो हवा होता. मतदान कार्डावर होता, पण त्यात चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. अल्बममध्ये ते दिसत नाहीत, पण तुमी त्यांचे फोटो काढताना मी पाहिलं होतं, असं ती म्हणाली. तिला स्टूल दिलं आणि लग्नाची सीडी लावली. सगळे फोटो दोनदा बघितले. एकात त्यांची पाठ होती, एकात वाढताना वाकलेला खांदा. पेटी उघडावी असं वाटलं, पण पेटीत काय होतं? ते कार्ड त्यानंतर शंभरदा भरून रिकामं झालं होतं.

खोटं बोलता आलं असतं. सीडी बिघडली म्हणता आलं असतं. पण ती शांतपणे बघत होती, म्हणून खरं सांगितलं. डोळे मिटले होते, म्हणून मी ते फोटो पुसले.

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"काका, तुमी मेलेल्या माणसाचे डोळे उघडून देता म्हणतात," ती म्हणाली. "जित्या माणसाचा फोटो काहून पुसला?"

मी माउस उगीच इकडून तिकडे सरकवत राहिलो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, की तुमी तर पाहिला होता, मग कसा आला होता ते तरी सांगा.

मी आठवायला लागलो. चार वेळा मी तो चेहरा पडद्यावर बघितला होता आणि मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. फेटा होता की टोपी, दाढी केली होती की नव्हती, काही नाही. फक्त दोन मिटलेल्या पापण्या. बाकीचा माणूस मी पाहिलाच नव्हता. पण ती वाट बघत होती, म्हणून शेवटी खोटं बोललोच.

"छान आला होता," मी म्हणालो. "हसत होते."

तिनं मान हलवली.

"न्हाई काका. त्या दिवशी ते हसले न्हाईत. सकाळपासून रडूनच राहिले होते."

मग ती लेकराचं टोपडं नीट करून स्टँडकडे निघून गेली.