मागच्या रांगेत, डावीकडून तिसरा

माझे थोरले काका हवाई दलात होते. एकाहत्तरच्या युद्धाच्या धामधुमीत, वैमानिकाचं शिक्षण पुरं व्हायच्या आतच, सरावाचं विमान उतरवताना ते गेले. वय बावीस. माझा जन्म त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे मी त्यांना पाहिलेलं नाही. पण म्हणून त्यांच्याविषयी बोलताना मी कधी अडलो, असं आमच्या घरात कुणी म्हणणार नाही.

वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात काकांच्या बॅचचा ग्रुप फोटो सापडला. त्यातले काका वेगळे काढून, मोठे करून मी धायरीच्या फ्लॅटमध्ये लावले. चंदनाचा हार घातला. आल्यागेल्याला फोटोखाली उभा राहून दाखवायचो, कान बघा, अगदी आमच्या घराण्याचे. मुलीची हनुवटीही मी त्यांच्याच खात्यात टाकली होती.

आत्या ही काकांची धाकटी बहीण. त्यांना पाहिलेलं आता तेवढं एकच माणूस उरलंय. ती यायची, सोफ्यावरूनच फोटोला हात जोडायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलायची. गेल्या महिन्यात मात्र आपणहून तयार झाली.

"दादाचा चेहरा हल्ली आठवेनासा झालाय रे," ती म्हणाली. "डोळे मिटले की नुसता गणवेश दिसतो. एकदा स्वच्छ बघू दे."

ऑपरेशन झालं आणि ती विश्रांतीला आमच्याकडे आली. चपला काढून थेट फोटोसमोर उभी राहिली. बराच वेळ बघत होती. ती रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता.

"हा कोण?"

नव्या डोळ्यांची सवय व्हायला वेळ लागतो, असं मी तिला समजावून सांगितलं.

"डोळे उत्तम आहेत माझे. कुणाच्या घरचा मुलगा टांगून ठेवलायस?"

कानांचं आपल्याला कधीच पटलं नव्हतं, असं बायकोनं स्वयंपाकघरातून कळवलं.

मूळ फोटो काढला. मागे वडिलांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, मागची रांग, डावीकडून तिसरा. आता, खराडीच्या कंपनीत मी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेतो. साध्या माणसानं सरळ डावीकडून मोजलं असतं. मी विचार केला होता की ही फौजी मंडळी, यांचं डावं म्हणजे यांच्या डाव्या हाताचं. सहा वर्षं आम्ही एका अनोळखी माणसाला नमस्कार करत होतो. तो कुठेतरी जिवंत असला तर काय, म्हणून आत्यानं आधी त्याचा हार काढायला लावला.

मग ती फोटो घेऊन खिडकीशी बसली. रांगेवरून सरकणारं तिचं बोट थांबलं. किडकिडीत पोरगा, मान अर्धी वळलेली. सगळे ताठ उभे आणि हा तोंड उघडून हसतोय. कान एवढेसे.

"हाच," ती म्हणाली. मग फोटो उजेडाकडे धरून, "किती लहान आहे रे हा. मी याला घाबरायचे."

त्या दुपारी दादाच्या गोष्टी सांगण्यात डोळ्यांत थेंब घालायची वेळ टळून गेली. तिला सायकलवर डबलसीट घेऊन दादानं कात्रजचा घाट पाय वर करून उतरायचं ठरवलं होतं. दुसऱ्या वळणावर दोघं चरात. घरी मात्र त्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की म्हैस आडवी आली. सांगताना आत्या इतकी हसली की डोळ्यांना ताण नको, म्हणून बायको धावत आली. माझ्या इतक्या वर्षांच्या गोष्टींत काका कशावरूनही पडले नव्हते. मी गप्प बसून ऐकलं. हे घरात प्रथमच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या माझ्याबरोबर स्टुडिओत आली. माझ्या मोजण्यावर तिचा भरवसा उरला नव्हता. चेहरा मोठा केल्यावर हललेला दिसत होता. स्टुडिओवाला म्हणाला, कॉम्प्युटरवर मान सरळ करतो, तोंडही मिटवून देतो.

"हात लावू नका," आत्या म्हणाली. "तो एका जागी उभा राहायचाच नाही. असाच द्या."