भुलाबाईच्या गाण्यावर सॅक्सोफोन

माझ्या भावाच्या नावानं वडिलांनी आंघोळ केली होती. अमरावतीतला नावाजलेला वकील, आणि पोरगा मुंबईच्या हॉटेलात गोऱ्या लोकांपुढे जॅझ वाजवतो म्हटल्यावर दुसरं काय होणार! आईनं मात्र हट्ट सोडला नाही. पोराला एकदा घरी येऊ द्या, म्हणून वडिलांचं डोकं खाऊन खाऊन तिनं शेवटी हो म्हणवून घेतलं.

कोजागरीला तो आला. आमच्याकडे पोरीबाळी महिनाभर रोज संध्याकाळी भुलाबाई मांडून गाणी म्हणतात, त्यातली त्या संध्याकाळी शेवटची गाणी. अंगणात आम्ही पोरीबाळी, ओट्यावर वडील, नागपूरचं कोर्टाचं काम आटोपून आलेले, तोंड फिरवून बसलेले. आईनं तिचं नेहमीचं गाणं धरलं, आणि आमच्या या शहाण्यानं पेटीतून सॅक्सोफोन काढून तीच चाल सुरू केली!

अगं बाई गं! चाल तीच, पण कशी लचकत, अडत, मध्येच उडी मारत. पोरी आधी थिजल्या, मग टाळ्या पिटायला लागल्या. मीही नाचले, खोटं कशाला बोलू? आणि वडिलांचा पाय ओट्यावर ठेका धरत होता. मी डोळे चोळून पाहिलं. आमच्या वडिलांचा पाय!

"राहू दे त्याले घरी," ते आईला म्हणाले.

ज्यासाठी आईनं जीव टाकला ते पदरात पडलं होतं. पण आई गायची केव्हाच थांबली होती, आणि आमच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

भाऊ खुशीत म्हणाला, "आई, तुहं हे गानं मुंबईत लय चालते. मडमा नाचतात यावर."

ते गाणं कशाचं होतं, ते मला ठाऊक होतं. मोठी बहीण चांदूर रेल्वे गावात दिली होती. सासरच्यांनी तिला बाळंतपणाला माहेरी पाठवलं नाही, आणि ती तिथंच वारली. तेव्हापासून आई भुलाबाईच्या गाण्यात स्वतःच्या ओळी घालायची, लेकीची वाट पाहणाऱ्या. बायका असंच करतात, आपलं दुखणं भुलाबाईच्या नावावर सांगतात. पुरुष ओट्यावर बसून म्हणतात, पोरी खेळून राहिल्या. भाऊ तेव्हा अकोल्याला शाळेत. सणाला घरी आला तेव्हा त्यानं चाल तेवढी उचलली, शब्द कानावरून गेले.

"ठेका नोय रे तो," आई म्हणाली. "तुह्या बहिणीसाठी रडून राहिली होती मी."

भावाच्या तोंडचं पाणी पळालं. वडील उठून उभे राहिले.

"नाचता नाचता हासत होत्या का त्या?" आईनं विचारलं.

अरे मेल्या, खोटं बोल! मी मनातल्या मनात ओरडले. पण आईशी खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती.

"हो," तो म्हणाला.

आई आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. भावानं सॅक्सोफोन पेटीत ठेवला, वडिलांच्या पाया पडला आणि फाटकाकडे चालू लागला. आमचे वडील, घामाघूम, दार बडवत होते.

"अवं, पोरगं जाऊन राहिलं! उघड ना!"

"जाऊ द्या त्याले," आई आतून म्हणाली.