भोंगा आणि दाजींची टाकी

घरातली सगळी माणसं त्याला भोंगा म्हणायची. उभा जन्म अँब्युलन्स चालवण्यात गेलेला, आणि आवाजही असा की तो फोनवर बोलायला लागला की शेजाऱ्यांना वाटायचं, याला फोनची गरजच काय. वाट काढायची, माणूस वेळेत पोहोचवायचा, एवढंच त्याला ठाऊक. अशा माणसानं निवृत्त झाल्यावर समुद्री माशांचा नाद लावून घ्यावा, हे त्याच्या बायकोच्या अजूनही पचनी पडलेलं नाही. चहाला उकळी येईपर्यंत ज्याला दम निघत नाही तो मासे काय पाळणार, असं ती येईल-जाईल त्याला ऐकवायची.

नाद लावला तो दाजींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. दाजी काचकाम करायचे. दुकानांच्या दर्शनी काचा बसवता बसवता त्यांनी स्वतःच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी बांधली. त्या टाकीपायी सोफा आतल्या खोलीत गेला, पाहुणे स्टुलावर बसू लागले, आणि ताईनं तोंडातून ब्र काढला नाही. उलट पंप साफ करण्यात तिचाच हात बसला.

नवा मासा आला की दाजींचा थाट बघण्यासारखा असे. टाकीतला दिवा बंद. बोलणं बंद. पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी यांत मीठही सारखं नसतं आणि ऊबही सारखी नसते, म्हणून माशाला थेट आत सोडायचं नाही, हा त्यांचा नियम. पिशवी बादलीत रिकामी करायची, टाकीतून एक बारीक नळी बादलीत सोडायची आणि नळीला सैलसर गाठ मारायची, म्हणजे टाकीतलं पाणी थेंबाथेंबानं उतरतं आणि जिवाला त्याची हळूहळू सवय होते. मासा एखादा धक्का सोसतो, पण तारामाशासारख्या बिनकण्याच्या जिवाला तेवढाही चालत नाही. दोन-चार दिवसांत त्याचे हात गळून पडतात. गाठ किती आवळायची ते दाजींच्या बोटांना कळायचं. भोंगा शेजारी बसून चुळबुळ करायचा आणि दाजी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणायचे, इथं कुणाला दवाखान्यात न्यायचं नाहीये.

पण गडी शिकला. आणि शिकला तो असा की गावभर त्याचं नाव झालं. दातांच्या दवाखान्यातली टाकी असो की बँकेच्या मॅनेजरच्या घरातली, नवा मासा सोडायचा म्हटलं की भोंग्याला बोलावणं यायचं. तो आपली नळी खिशात घेऊन जायचा, स्टूल ओढून ऐसपैस बसायचा आणि मालकालाच दटावून गप्प करायचा. माझ्या हातचा मासा जातच नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा. फुशारकी होतीच, पण खोटी नव्हती.

दाजी गेले त्यानंतर त्यांचा शेवटचा मासा बरेच दिवस तग धरून होता. तोही म्हातारा होऊन गेला. टाकीत उरले दगड आणि एक खेकडा, तोही बहुतेक वेळ दगडाखालीच. ताईनं तेव्हा भावाला स्पष्ट सांगितलं की आता एकदाच नवे जीव आणू. ते जगले तर ठीक, नाहीतर टाकी रिकामी करायची आणि काच कुणालाही देऊन टाकायची. सारखं सारखं कुणाला जाताना बघायचं बळ तिच्यात नव्हतं. टाकीच्या पाण्यासाठी लागणारं मीठ संपत आलं होतं. उरलंसुरलं घालून भोंग्यानं पिंपभर खारं पाणी करून ठेवलं आणि नवी गोणी आणायचं काढलं, तर ताई म्हणाली, नको, आधी बघू.

तो नको त्याच्या जिव्हारी लागला. ती टाकी गेली तर त्या खोलीतून दाजी दुसऱ्यांदा जाणार होते. पंपाचा आवाज थांबल्यावर ताई एकटी त्या भिंतीसमोर बसेल, हे चित्र त्याला डोळ्यांपुढे नको होतं.

पूर्वी मासे बंदरावरच्या दुकानातून यायचे. ते दुकान कधीच बंद झालं होतं, त्यामुळे या वेळी दोन केशरी पट्टेरी मासे आणि एक लाल तारामासा लांबच्या शहरातून पार्सलनं मागवले. खोका वाटेत कुठल्याशा गोदामात अडकला आणि दोन दिवस उशिरानं, भोंग्याला पत्ता न लागता, थेट ताईच्या दारात पोहोचला.

ताईचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी उत्साह होता. "आले बघ. मी पिशव्या कापल्या, दोन बादल्या केल्या, नळ्याही लावल्या. ह्यांच्यासारखीच गाठ मारलीये. तू सावकाश ये."

पिशव्या कापल्या, एवढंच भोंग्यानं ऐकलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यानं गाडी जुन्या सवयीनं हाणली. गाडीवर वाजणारा भोंगा तेवढा नव्हता.

खोलीत शिरताच वासानं त्याला काय ते कळलं. माशांच्या बादलीतून नाकाला झोंबणारा दर्प येत होता. दोन्ही मासे तळाशी आडवे झाले होते आणि त्यांचे कल्ले धाप लागल्यासारखे चालले होते. ताई शेजारी स्टुलावर बसून थेंब न्याहाळत होती. मासे प्रवासानं दमलेत, होतील हळूहळू ताजे, असं तिला वाटत होतं.

भोंग्यानं नळी उपसून बाजूला टाकली. एक रिकामी बादली धुतली, पिंपातलं खारं पाणी तिच्यात घेतलं, खारटपणा मोजायच्या छोट्या दुर्बिणीतून आधी माशांचं पाणी बघितलं, मग नव्या बादलीतलं, आणि दोन्ही सारखी होईपर्यंत तिच्यात गोडं पाणी ओतलं. हात असे चालले होते की वाटावं स्ट्रेचर दारात उभं आहे. मग त्यानं मासे ओंजळीत उचलायला वाकून हात पुढे केले, तर ताईनं त्याचं मनगट धरलं.

"ह्यांनी जन्मात कधी मासा असा उचलून टाकला नाही," ती म्हणाली.

"दाजींचे मासे बंदरावरून यायचे, ताई. पिशवीत अर्धा तास. हे कितीतरी दिवस आपल्याच घाणीत आहेत. पिशवी बंद असते तोवर ती घाण दबून राहते, हवा लागली की तिचं जहर होतं. आता थेंब मोजत बसलो तर जहरातच ठेवल्यासारखं आहे."

"आणि मेले तर?"

"तर माझ्या हातून मेले म्हण. तुझ्या नाही, दाजींच्याही नाही."

एवढं बोलतानाही त्याचा आवाज चढला नव्हता, आणि बहुधा त्यामुळेच ताईनं मनगट सोडलं. त्यानं एकेक मासा उचलून स्वच्छ पाण्यात सोडला, हवेची नळी लावली आणि जुनं पाणी थेट मोरीत ओतलं. मग तो तारामाशाच्या बादलीकडे वळला. तिला वास नव्हता. तारामासा घाण करतो ती किती करणार. त्यानं तिथली गाठ बोटांनी चाचपली आणि तिला हातही लावला नाही.

"ही बरोबर आहे," तो म्हणाला. "अगदी दाजींची. ही तू सांभाळ. संध्याकाळपर्यंत उठायचं नाही."

ताई उठली नाही. बादली भरत आली की ती वाटीनं थोडं पाणी काढायची आणि पुन्हा थेंबांकडे बघत बसायची. भोंगा माशांपाशी उकिडवा बसला होता. मनात धाकधूक होती, पण चेहरा पैज जिंकल्यासारखा. पहिला मासा बऱ्याच वेळानं सरळ झाला. दुसरा आडवाच होता. ताई तिकडे बघायचं टाळत होती आणि तिचे डोळे सारखे तिकडेच जात होते. शेवटी त्यानंही शेपूट हलवली, एकदा कलंडला, पुन्हा सावरला आणि बादलीच्या कडेकडेनं पहिल्याच्या मागे लागला. भोंग्यानं इतका लांब श्वास सोडला की ताईला हसू फुटलं. नंतर त्या बादलीतही त्यानं टाकीची नळी सोडली. आता घाई संपली होती.

उन्हं उतरल्यावर मासे टाकीत गेले. तारामासा ताईनं स्वतः सोडला, पाण्याबाहेर न काढता, वाटीतच धरून. तो काचेला चिकटला आणि एक हात पुढे करून संथपणे वर सरकू लागला. दाजींनी बसवलेली ती काच, तिच्यावर आतून तो लाल ठिपका चढत होता. दोघं दिवा न लावता बघत राहिली.

टाकीतलं कमी झालेलं पाणी पिंपातून भरून काढल्यावर आणि बादल्या धुऊन पालथ्या घातल्यावर भोंगा चपला घालू लागला. ताई मोकळ्या पिंपात डोकावून बघत होती. झाकण लावून ती म्हणाली, "उद्या येताना मीठ आण. मोठी गोणी आण."

भोंग्यानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी एकाच्या जागी दोन गोण्या आणल्या.