हारासाठी चार भोकं

चौथं ठिगळही टक् करून सुटलं आणि माझ्या तळहातावर आलं. रुपयाच्या नाण्याएवढं, गुळगुळीत, दगडासारखं पक्कं. त्याच्यात काही खोट नव्हती. फक्त ते गाडीला चिकटलं नव्हतं.

"सुऱ्या," तांडेल म्हणाले, "माज्या होडीला लावत होतास ता पण आसाच निघायचा काय रे?"

मी तीस वर्षं नाटे गावात फायबरच्या होड्या दुरुस्त करतोय. होडी खडकाला घासली, धक्क्यावर आपटली, भोक पडलं, की मला फोन येतो. काचेच्या धाग्यांची चटई असते, तिला आम्ही मॅट म्हणतो. ती भोकावर बसवायची आणि वरून रेझिन भरायचं. रेझिन म्हणजे मधासारखं दाट रसायन. त्यात हार्डनरचे थेंब टाकले की अर्ध्या-पाऊण तासात कडक होतं. माझं एकही ठिगळ आजवर समुद्रात सुटलेलं नाही. "बढाई मारत नाही, पण" असं म्हणायची पद्धत आहे. मी बढाईच मारतोय.

आणि त्या दिवशी चार ठिगळं सुटली होती. खळ्यात, म्हणजे अंगणात, उभ्या असलेल्या, जागेवरून न हललेल्या मोटारीवरून.

दत्ताराम तांडेल माझं जुनं गिऱ्हाईक. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. त्यांनी होडी विकून टाकली, तरी गावात त्यांना तांडेलच म्हणतात. होडी होती तेव्हा वीस वर्षं ते माझ्या डोक्यावर उभे राहून काम करून घ्यायचे, आणि शेवटी "बरा झालाय" एवढंच म्हणायचे. ते त्यांचं सर्वोच्च कौतुक.

त्यांचा मुलगा महेश मुंबईत नोकरीला. दसऱ्याला म्हणून तो बायकोसह नवी गाडी घेऊन आला. त्या घरातली पहिली गाडी. पांढरीशुभ्र, इलेक्ट्रिक. सगळी आळी बघायला जमली. तांडेलांनी गाडीभोवती एक फेरी मारली, कान लावून ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "इंजिनच नाय? मग ही गाडी कसली, हा तर मिक्सर!"

लोक हसले. महेश हसला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी खळ्यातच ठेवून तो बायकोला घेऊन रेल्वेनं तिच्या माहेरी खेडला गेला, दसऱ्याच्या संध्याकाळी येतो म्हणाला. जाताना गाडीची चावी बापाच्या हातात दिली नाही. खुंटीला अडकवली आणि गेला.

तांडेलांना ते लागलं. पण माफी मागणं त्यांना कधी जमलेलं नाही. भर समुद्रात मोटर बंद पडली तर ते शांत असायचे, पण "माझं चुकलं" म्हणायची वेळ आली की त्यांना खोकला यायचा. म्हणून त्यांनी वेगळा मार्ग काढला. खंडेनवमीला पहाटे उठून स्वतःच्या हातानं झेंडूचा जाड हार ओवला. नव्या होडीचा पहिला हार नाळीवर चढतो, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर. तसाच हा गाडीच्या तोंडावर चढवायचा. महेश आला की बघेल आणि समजेल.

अडचण एवढीच की इलेक्ट्रिक गाडीला पुढे जाळी नसते. सगळं नाक सपाट, गुळगुळीत. हार बांधायला जागाच नाही. तांडेलांनी ड्रिल मशीन काढलं आणि बंपरच्या खालच्या भागाला दोन भोकं पाडली. ती एका ओळीत आली नाहीत, हार तिरका दिसायला लागला. म्हणून आणखी दोन पाडली. मग जाळ्याच्या दोरीनं अशी गाठ मारली की वादळातही हार हलला नसता.

तेवढ्यात शेजारचा बबन आला. भोकं बघून त्यानं कपाळावर हात मारला. "तांडेल, नव्या गाडीला भोकं? महेशला वाटेल, बापानं रागानं पाडली!"

हे मला तांडेलांनीच सांगितलं. त्यांनी तसाच हार काढला आणि मला बोलावलं. मी पोचलो तेव्हा ते त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत गाडीकडे तोंड करून बसले होते. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

"काका, भोकं कशाला पाडलीत?"

"मागं बग. कंपनीनंच चार पाडली हायत. मग पुढं पाडली तर काय बिघाडला, आसा मला वाटला."

मी मागे जाऊन बघितलं. मागच्या बंपरला चार गोल ठिपके होते खरे. "काका, ती भोकं नाहीत. ते सेन्सर. रिव्हर्स घेताना मागे काही आलं की वाजतात."

"वाजतात काय नि गातात काय. म्हेश उद्या संध्याकाळी येताय. त्येला कळता नये. तुज्यान होयल काय ता सांग."

"तासाभरात करतो," मी म्हणालो. हे वाक्य बोलताना मी बंपरला हातसुद्धा लावला नव्हता.

खरं तर त्या दिवशी मी काम करणंच गुन्हा होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. माझी सगळी हत्यारं पाटावर हळदकुंकू लावून बसली होती आणि बायकोनं बजावलं होतं की उद्यापर्यंत एकालाही हात लावायचा नाही. मी रेझिन आणि मॅट उचलली. ती हत्यारं नाहीत, असं मी तिला पटवलं. म्हणजे ती आत गेल्यावर स्वतःला पटवलं.

ठिगळं सुटल्यावर मी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. खळ्याच्या कडेला पायरीएवढी उतरण आहे आणि गाडीचं नाक त्या कडेच्या बाहेर आलं होतं. मी खाली बसलो, बंपरच्या तळाचं झाकण क्लिपा काढून सोडवलं आणि आतून टॉर्च मारला. तिथं ठळक अक्षरांत लिहिलं होतं: PP.

प्लास्टिकची वस्तू कशापासून केली ते बहुतेक वेळा तिच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. PP म्हणजे पॉलिप्रोपिलीन. हे प्लास्टिक मोठं माणूसघाणं. रेझिन, गोंद, साधा रंग, कुणालाच जवळ येऊ देत नाही. त्याला जोडायचं तर वितळवूनच, आणि तेही त्याच्याच जातीच्या प्लास्टिकनं. हे मला माहीत होतं. वाचायचा कंटाळा केला होता.

वितळवायला सोल्डरिंग गन लागते, वायरींना डाग द्यायची तीच. ती टीव्हीच्या मागे पडली होती, त्यामुळे पूजेत ठेवायची राहून गेली होती. घरातलं हळदकुंकू न लागलेलं एकमेव हत्यार. देवाची कृपा म्हणा किंवा माझा गबाळेपणा म्हणा.

भरायला प्लास्टिक म्हणून मी मासळीच्या जुन्या क्रेटचा तुकडा घेतला. छान वितळला, भोकात छान बसला, आणि थंड झाल्यावर बोटानं ढकलला तसा आत पडला.

"टक्," तांडेल म्हणाले. या वेळी आवाज त्यांनीच काढून दाखवला.

क्रेट उलटा केला तर त्यावर HDPE. वेगळी जात. एकाच दिवशी एकच चूक दोनदा केली की माणूस गिऱ्हाइकाकडे बघत नाही. मी इकडेतिकडे बघत राहिलो, आणि बघता बघता नजर तांडेलांच्या खुर्चीवर गेली.

"काका, जरा उठा."

खुर्ची उलटी केली. बुडाला त्रिकोणात पाचचा आकडा, खाली PP. खुर्ची मरून रंगाची, तांडेलांची रोजची बसायची.

"तुमची खुर्ची कापावी लागेल."

मला वाटलं घासाघीस होईल. ते म्हणाले, "काप. चूक माजी, खुर्ची पण माजी. हात काप, बुडाखालचा नको. बसायचा हाय मला."

तांडेलांच्याच सुरीनं खुर्चीच्या हाताच्या पातळ पट्ट्या कापल्या. भोकांच्या कडा दोन्ही बाजूंनी तासून उतरत्या केल्या, म्हणजे नवं प्लास्टिक धरून राहतं. बाहेरून ॲल्युमिनियमची टेप लावली आणि आतून पट्टी वितळवत भोक भरलं. गनचं टोक बंपरच्या प्लास्टिकमध्येही फिरवायचं, दोन्ही एकजीव झाले पाहिजेत. मग टेप काढून बाहेरून तेच. थंड झाल्यावर मी अंगठ्यानं ढकललं. मग त्यांच्याच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं. मग तांडेलांनी ठोकलं, माझ्यापेक्षा जोरात.

"ऱ्हायला," ते म्हणाले, आणि घरात जाऊन चहा सांगून आले.

बाहेरची बाजू पॉलिश पेपरनं घासून सपाट केली. आतून कोण बघतंय म्हणून तिथले मरून गोळे तसेच सोडले. रंगाचा नंबर दाराच्या आतल्या स्टिकरवर असतो. तो मी रत्नागिरीच्या रंगवाल्याला फोनवर सांगितला, कारण पांढरे रंग पन्नास असतात. त्यानं त्या नंबराचा स्प्रे बनवून संध्याकाळच्या एसटीनं पाठवला.

दसऱ्याच्या सकाळी दव उडाल्यावर कामाला लागलो. हवेत ओल असताना स्प्रे मारला तर रंगावर पांढुरकं धुकं बसतं. आधी ॲडहेजन प्रमोटर, म्हणजे या माणूसघाण्या प्लास्टिकला रंगाशी बोलायला लावणारं पाणी. मग लवचीक पुट्टी, पुन्हा घासणं, प्रायमर, रंगाचे तीन पातळ हात, शेवटी लॅकर. रंग चार ठिपक्यांपुरता न मारता खालच्या भागाच्या रेघेपर्यंत नेला, म्हणजे फरक डोळ्याला सापडत नाही. दुपारभर तांडेल हातात काठी घेऊन कोंबड्या हाकलत उभे होते.

दुपार कलल्यावर मी लांबून बघितलं, जवळून बघितलं, तिरक्या उन्हात बघितलं. भोकं कुठे होती ते मलाच सांगता आलं नसतं.

"बरा झालाय," तांडेल म्हणाले.

संध्याकाळी मी सोनं द्यायला त्यांच्याकडे गेलो तेव्हा महेश आणि त्याची बायको सोनाली नुकतीच रिक्षातून उतरली होती. महेश गाडीसमोर उभा राहिला. आळीतल्या प्रत्येक स्कूटरला, रिक्षाला, सायकलीला हार होता. बबनच्या पाण्याच्या पंपालासुद्धा होता. या गाडीला नव्हता.

"सगळ्यांना हार घातले, बाबा," तो हळू म्हणाला. "माझ्या गाडीला एक फूलसुद्धा नाही? मिक्सरला हार कशाला घालायचा, असंच ना?"

ज्याची भीती होती तेच झालं, आणि ते माझ्या उत्तम कामामुळे झालं; भोकांबरोबर हाराची जागाही मीच बुजवली होती. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. तांडेलांना खोकला आला. मग तो थांबला.

"घातला होता रे!" ते ओरडलेच. "पहाटं उठून माज्या हातानं ओवला! बांधायला जागा नाय म्हणून चार भोकं पाडली. मग बबन म्हणाला तुला वाटंल रागानं पाडली. म्हणून सुऱ्याकडनं बुजवली. मिक्सर म्हटलंय ता चुकला माजा."

महेशनं बंपरकडे बघितलं. वाकून बघितलं. हात फिरवला. "कुठायत भोकं?"

"हितं... नाय, हितं." तांडेलांनाही सापडेनात.

"बाबा, आता नवीन गोष्ट रचू नका."

मी पुढे झालो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं काम खोटं पाडायचं होतं. महेशला खळ्याच्या कडेखाली बसवलं, तळाचं झाकण पुन्हा सोडवलं आणि मोबाइलचा टॉर्च आत धरायला लावला.

त्यानं चारही मरून गोळ्यांवरून बोट फिरवलं. मग आतूनच विचारलं, "बाबा, ही तुमची खुर्ची आहे?"

"तिचा हात हाय."

"आणि चार कशाला?"

"आदली दोन वाकडी गेली."

महेश बाहेर आला तेव्हा हसत होता आणि डोळे पुसत होता. वर आल्यावर त्यानं खुंटीवरची चावी आणली आणि बापाच्या हातात दिली. तांडेलांनी ती खिशात घातली आणि वरून दोनदा चाचपली.

कालचा हार कोमेजला होता, पण ओटीवर टांगलेला होता. सोनालीनं तो आणला, बॉनेट उचललं, हाराच्या दोरीची दोन्ही टोकं फटीत ठेवली आणि बॉनेट बंद केलं. हार सरळ, मधोमध, गाडीच्या तोंडावर. अर्धं मिनिटही लागलं नाही. आम्ही दोघं अनुभवी माणसं एकमेकांकडे न बघता आपट्याची पानं वाटायला लागलो.

त्यानंतर मी कामात दोन नियम केले. पहिला, प्लास्टिकवर काय लिहिलंय ते आधी वाचायचं. दुसरा, गिऱ्हाईक कितीही म्हणालं की कुणाला कळता नये, तरी आतली बाजू घासायची नाही. भोक नव्हतंच असं दाखवायला माझ्याकडे शंभर माणसं येतात. ते होतं, हे दाखवायची वेळ कुणावर येईल ते सांगता येत नाही.