गाय रडत नव्हती

आमच्या गायीच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं आणि गौलीगुड्यातल्या आमच्या गल्लीला भक्तीचा झटका आला. "गोमाता रडतीय," असं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवसापासून बायका ताटं घेऊन दारात. कुणी डोळ्याचं पाणी पदरानं टिपून घ्यायची, कुणी कपाळावर कुंकू थापायची, आणि सगळ्याजणी गूळ चारायच्या. गुळावर माश्या. गुळावरून उठल्या की थेट डोळ्यावर.

आईला मात्र बरं वाटत होतं. का, ते मला कळत होतं. जन्मभर "ए दूधवाली" म्हणणाऱ्या बायका आता तिला "अम्मा" म्हणत पायरीवर चपला काढत होत्या.

मी घरातली पहिली पदवीधर. अभिमान आहे, लपवत नाही. मी गायीची पापणी ओढून पाहिली. आत पांढऱ्या दोऱ्यासारखे किडे वळवळत होते.

"आई, किडे झालेत. आत्ता दवाखान्यात न्यायची."

"शुक्रवारपर्यंत थांब की. सिकंदराबादहून लोक यायलेत दर्शनाला."

"तोवर डोळा जाईल!"

"बी.एस्सी. झालीस म्हणून देवाला पण शिकवतीस का?"

शेजारीण मध्ये पडली. "जाऊ दे अम्मा, हौली पोरगी आहे, येडी."

माझं डोकं सणकलं. "मी येडी? तुमच्या डोळ्यात सोडू का एक किडा? मग बसा रडत, मी गूळ चारते!"

आईनं वाकून स्वतः गायीची पापणी ओढली. एक किडा बुबुळावरून सरकत गेला. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि दावं सोडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा बधिर करणारे थेंब टाकले, चिमट्यानं किडे काढले. "चरायला जाणाऱ्या गुरांना होतं हे. माश्या एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात नेतात. आणि तोंडाला गूळ कुणी फासलाय?" आई गायीचं डोकं घट्ट धरून उभी होती. तिनं मान वर केली नाही. बुबुळावर पांढरा डाग पडलाच होता.

शुक्रवारी लोक आले. डोळा कोरडा.

"रडायचं बंद कुणी केलं?" एकीनं दरडावून विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "मी. ती रडत नव्हती, तिला दुखत होतं. गूळ घरी न्या."

चपला घालताना कुणीतरी म्हणालंच, "शेवटी दूधवालीच ती."

डाग गेला नाही. डावीकडून कुणी आलं की गाय अजून दचकते. आणि त्याच बायका रोज सकाळी दूध न्यायला येतात, हाक न मारता, डावीकडूनच.