धाकटीचं ‘दाकोर’

माझी धाकटी बहीण कामाला बेताचीच, पण नशीब काढलं तिने. हॉटेलात आम्ही दोघी एकाच दिवशी लागलो, एकाच इस्त्रीच्या टेबलावर. आज ती खाली काउंटरला बसते आणि मी अजून वर वाफ खाते. कशामुळे, तर पाच फ्रेंच शब्दांमुळे! निघणाऱ्याला ‘ओ रव्वार’. उद्या दिसणार असेल तर ‘आ दमँ’, लवकर भेटू म्हणायचं तर ‘आ ब्यँतो’. गाडी किती वाजता ते सांगितलं की मान हलवून ‘दाकोर’, म्हणजे ठरलं. घरी भाजी आणायलासुद्धा बाईसाहेब ‘दाकोर’ म्हणतात आणि हात हलवत परत येतात.

एक मात्र खरं, पाहुण्याची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारातून हलत नाही. तेही मला बघवत नाही.

एक फ्रेंच म्हातारी दर वर्षी यायची. तिच्या राखाडी स्कर्टच्या बावीस चुण्या आठ वर्षं मी बसवल्या. मिठी मात्र धाकटीला! वर पाचवा शब्द, ‘आ लाने प्रोशेन’, पुढल्या वर्षी भेटू. मी गाठोडं घेऊन जिन्यात जळत उभी.

यंदा मी धाकटीच्या पर्समधली शब्दांची चिठ्ठी लांबवली. चिठ्ठीत नुसते शब्द, अर्थ एकाचाही नाही; ते धाकटीने मला नंतर सांगितले. इस्त्री फिरवता फिरवता सगळे घोकले. म्हातारी निघाली तेव्हा स्कर्ट घेऊन खाली गेले आणि वरपासून खालपर्यंत चिठ्ठी एका दमात म्हणून टाकली. शेवटी ‘आ लाने प्रोशेन’!

काउंटरमागून धाकटीने हातानेच ‘नको, नको’ केलं. डॉक्टरांनी म्हातारीचा प्रवास कायमचा बंद केला होता. धाकटीला ते आदल्या दिवशीच कळलं होतं, म्हणून ती फक्त ‘ओ रव्वार’वर थांबली होती. मला कोण सांगणार?

म्हातारीने चुण्यांवरून बोट फिरवलं. मग माझे भाजलेले हात धरले आणि म्हणाली, “दाकोर.”

धाकटी तोंड फिरवून आत पळाली. गाडी वळेपर्यंत त्या दिवशी दारात मी उभी होते.

आता रोज सकाळी वर जाण्याआधी मी काउंटरवरची येणाऱ्यांची यादी बघते. धाकटी डोळे पुसत म्हणते, “ताई, नको ना बघूस. ती आता यायची नाही.”

“तुझ्याशी ठरलं नसेल,” मी म्हणते. “माझ्याशी ठरलंय.”